कॉफीआधीचा अर्धा तास

पहिल्यांदा लक्षात आलं ते हाल्दिसच्या.
चर्चमधल्या तालमीत ती म्हणाली, आस्लाउग,
तू हल्ली पुरुषांच्या ओळीत गातेयस.
सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.
त्या दिवसांत माझं हसू
विनोदानंतर दोन श्वासांनी पोचायचं.

नोव्हेंबर सरता सरता वार्डोचा सूर्य जातो
आणि दोन महिने कुणी कुणाला विचारत नाही
का झोपतेस इतकी, चेहरा का सुजलाय,
लोकरीच्या दुहेरी मोज्यांत पाय का गार.
अंधारात सगळेच थोडे आजारी,
त्या गर्दीत माझा आजार
भुरट्या चोरासारखा बिनघोर राहिला.
कारखान्यात कॉडचं पोट फाडताना
सुरी तीच, हात तोच,
मधला निरोप्या वाटेत बसून राहिलेला.
भुवयांची बाहेरची टोकं झडली.
ओद्वारने पाहिलं नाही. मीही नाही;
आरशावरचा दिवा गेलेला,
तो बदलायचाही कंटाळा.

जानेवारीत सूर्याची अख्खी चकती दिसली,
किल्ल्यावर तोफ झाली, पोरांना सुट्टी.
गाव जाकिटांच्या चेनी उघडून हिंडू लागलं.
मी खिडकीशी. ऊन हातावर पडलं,
हाताला त्याचं काहीच नव्हतं.

डॉक्टर दोन आठवड्यांपुरती आलेली, डेन्मार्कची, पोरगेलीशी.
तिने घोट्यामागे रबरी हातोडी मारली.
पाऊल उडालं, आणि परत यायला
इतका वेळ लावला त्याने
की आम्ही दोघी बघत बसलो,
धक्क्याला लागणारी बोट बघावी तशा.
हं, ती म्हणाली. एवढंच. हं.

रक्तातला आकडा शंभराच्या वर निघाला.
मला वाटलं, काहीतरी फार झालंय अंगात.
हा ओरडण्याचा आकडा, ती म्हणाली.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी
गळ्यातल्या ग्रंथीला हाका मारते:
कर गं, थोडं तरी कर.
खालून ओ आली नाही की आवाज चढवते.
म्हणजे कितीतरी महिने माझ्या आत कुणी
घसा फोडून ओरडत होतं
आणि मी म्हणत होते,
किती शांत आहे यंदाचा हिवाळा.

आयोडीन कमी पडलं का, मी विचारलं.
जन्मभर मासळीत हात, मासळी ताटात,
समुद्र उशाशी आणि कोरड घशाशी?
नाही म्हणे. माल भरपूर होता,
कुंपणानेच शेत खाल्लं.
माझ्याच पहारेकऱ्यांनी माझीच ग्रंथी
परकी समजून कुरतडली.
राग नाही आला मला त्यांचा.
अंधारात आपलं माणूस ओळखायला
चुकतं कुणीही.

आता रोज पहाटे मसुराएवढी एक गोळी.
तिच्यातल्या रेणूवर आयोडीनचे चार अणू;
शरीर त्यातला एक खुडतं
तेव्हा कुठे ती कामाला लागते,
खिशातल्या चाकूचं पातं उघडावं तशी.
मग हृदयाला, आतड्याला, नखाच्या मुळाला
एकच सांगणं: जाळ जरा वाढवा.
घाई नाही तिला. आज गिळलेली गोळी
पुढच्या आठवड्यातही अर्धीमुर्धी फिरत असते रक्तात.
सहा आठवड्यांनी पुन्हा सुई, पुन्हा आकडा.
वरची बाई हळूहळू बोलण्यावर आली,
मग पुटपुटण्यावर.

गोळीनंतर अर्धा तास कॉफी नाही.
आजारापेक्षा ओद्वार याने जास्त हादरला.
तो किटलीपाशी उभा राहतो, घड्याळ बघत,
आणि आम्हाला बोलावं लागतं.
बावीस वर्षांत पहाटे सहाला
आम्ही कधी बोललो नव्हतो.

ईस्टरला आवाज वर आला.
हाल्दिसने मला जुन्या जागी उभं केलं,
बायकांत, टोरगुनच्या डावीकडे.
शेवटच्या कडव्यात पुरुषांची ओळ
खोल उतरते, तिथे मी अजून
नुसतेच ओठ हलवते त्यांच्याबरोबर.
राहून आलेय मी तिथे.
तळाचा दगड पायांना आठवतो.